शिपायाच्या मनाची शुश्रूषा



वडूजचे बोलावणे आले तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. ज्या गावात 9 सप्टेंबर 1942 रोजी परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी तिरंगा घेऊन मामलेदार कचेरीवर चालून गेले आणि सरकारी बंदुकांना सामोरे जाऊन हुतात्मे झाले, त्या गावाला धैर्य म्हणजे काय हे बाहेरून आलेल्या माणसाने सांगावे असे काही उरलेले नाही. परंतु त्याच वर्षी या साताऱ्याच्या मुलखातील कित्येक घरांची तरणीबांड मुले त्याच सरकारच्या पलटणींतून, समुद्रापलीकडच्या वाळवंटात आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, बंदूक खांद्यावर घेऊन उभी होती. बंदुकीसमोर उभा राहणारा आणि बंदूक घेऊन उभा राहणारा, अशी दोन्ही प्रकारची माणसे एकाच मातीने एकाच वेळी दिली. पहिल्यांचे स्मारक आपण उभारले आणि ते योग्यच केले. दुसऱ्यांपैकी जे रणात पडले त्यांचेही स्मरण आपण करतो. परंतु जे परत आले, हातीपायी धड परत आले, आणि तरीही पूर्वीचे राहिले नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय केले? आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

माझ्या उमेदीचा बहुतेक काळ सेनेच्या वैद्यकीय सेवेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून गेला. या काळात ज्या शिपायांची शुश्रूषा माझ्या हातून घडली त्यांच्यात पंजाबचे होते, गढवालचे होते, केरळचे होते. आणि माझ्या बोलण्यातला मराठी हेल कानी पडताच ज्याचा चेहरा एकदम सैल होई, असा सातारा-सांगलीकडचा जवानही असे. त्या अनुभवातून माझे जे मत बनले ते आरंभीच सांगून टाकतो. शिपायाच्या मनाला जी दुखापत होते, तिचे निदान आणि औषधोपचार लष्करी रुग्णालयात होऊ शकतात. तथापि ती दुखापत भरून यावयाची की चिघळावयाची, याचा निकाल पुष्कळदा रुग्णालयात लागत नाही, गावात लागतो. म्हणून हे व्याख्यान डॉक्टरांच्या परिषदेत देण्यापेक्षा वडूजला द्यावे असे मला वाटले.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कारण हा विषय कोणी नुकताच विलायतेहून आणलेला आहे अशी एक समजूत आढळते, आणि ती खरी नाही. पानिपताचा विचार करा. 14 जानेवारी 1761 चा तो दिवस, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुण्यास पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांचा झालेला अंत. रणांगण शेकडो कोस दूर, अंगावर एकही वार नाही, आणि तरीही थोरला मुलगा व चुलतभाऊ भाऊसाहेब यांना गमावलेला तो पुरुष पाच-सव्वापाच महिन्यांत खचून संपला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई तर पतीच्या निधनाची वार्ता स्वीकारावयासच तयार झाल्या नाहीत. आणि पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे इतकी माणसे लोटली ती काय केवळ लोभाने? एका सबंध समाजाला जे दुःख गिळता आले नव्हते, त्या दुःखाने त्या तोतयाला पाठबळ दिले. रणाचा आघात रणात नसलेल्या माणसांपर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घ्यावयास आपल्याला परकी उदाहरणे धुंडाळण्याचे कारण नाही.

दुसरा पुरावा तर तुमच्या गावांच्या भिंतींतच आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. 1914 ते 1919 या काळात या गावातून इतकी माणसे युद्धास गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाने त्या एका युद्धात 46 माणसे गमावली, आणि त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. या पाट्यांसमोर मी अनेकदा उभा राहिलो आहे. त्यांवर दोन आकडे असतात: गेले किती आणि पडले किती. तिसरा आकडा कोठेच नसतो. परत येऊन ज्यांना झोप लागेनाशी झाली, जे माणसांतून उठले, ज्यांना घरच्यांनी कोणा देवऋष्याकडे नेले, ज्यांचे नाव पुढे कोणी काढीनासे झाले, त्यांचा आकडा कोणत्या पाटीवर शोधावा?

ही माणसे होती, हे मी अनुमानाने म्हणतो; परंतु ते अनुमान भक्कम आहे. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराचा वेढा 7 डिसेंबर 1915 ला सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला. आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार, पुराचे पाणी, तोफांचा मारा. धान्य संपत आल्यावर तोफा ओढणारे प्राणी मारून खाण्याची पाळी. आणि शेवटी कैद, वाळवंटातील पायपीट आणि लोहमार्गाच्या बांधकामावरची वेठ. यातून जो वाचला आणि गावी परतला, तो माणूस शेताच्या बांधावर जाऊन पूर्वीसारखाच बसू शकला असेल असे आपल्यापैकी कोणाला वाटते? त्याच्या रात्री कशा गेल्या हे त्याच्या बायकोखेरीज कोणालाही कळले नसेल, आणि तिला कोणी विचारले नसेल.

त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर चार्ल्स मायर्स या वैद्याने 1915 च्या फेब्रुवारीत ‘शेल शॉक’ या नावाखाली अशा शिपायांची लक्षणे प्रसिद्ध केली: दृष्टी जाणे, वास आणि चव जाणे, स्मृतिभ्रंश, आणि तपासावे तर डोळा, जीभ, मेंदू यांना इजा म्हणून नाही. आरंभी वाटले की तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जातंतू हादरत असावेत. परंतु ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता त्यांनाही तोच विकार होऊ लागला, तेव्हा प्रश्न मनाचा आहे हे मान्य करणे भाग पडले. दुर्दैवाने वैद्यांनी जे मान्य केले ते लष्करी न्यायाने मान्य केले नाही. हॅरी फार नावाचा एक ब्रिटिश शिपाई याच विकारासाठी काही महिने रुग्णालयात राहिलेला होता. पुन्हा आघाडीवर जाणे आपल्याला शक्य नाही असे त्याने सांगितले, आणि 1916 च्या ऑक्टोबरात भित्रेपणाच्या आरोपावरून त्याला गोळी घालण्यात आली. अशा रीतीने देहदंड दिलेल्या 306 शिपायांना ब्रिटिश सरकारने क्षमा केली ती 2006 साली. नव्वद वर्षे! एवढा काळ त्यांची घरे भित्र्याचे घर म्हणून जगली.

सज्जनहो, मी हा इतिहास सांगतो तो इंग्रजांचे दोष काढण्यासाठी नव्हे. भित्रेपणा आणि आजार यांतील भेद ओळखण्यास जगातील एका बलाढ्य सेनेला इतका काळ लागला असेल, तर आपल्या गावच्या पारावर तो अद्याप ओळखला जात नाही याचे आश्चर्य वाटू नये. मात्र तो ओळखावयास हवा. त्या युद्धाने वैद्यकाला एक गोष्ट शिकवली, आणि अमेरिकन वैद्य टॉमस सामन यांनी ती नीट मांडून ठेवली. मनाने कोसळलेल्या शिपायावर उपचार करावयाचे ते आघाडीच्या जवळ, विनाविलंब, आणि तू बरा होऊन आपल्या माणसांत परत जाणार आहेस या खात्रीने. दूरच्या रुग्णालयात पाठवलेला, महिनोन्‌महिने नुसता पडून राहिलेला शिपाई अधिक आजारी होतो. आपल्या तुकडीच्या सान्निध्यात राहिलेला लवकर सावरतो. शंभर वर्षे झाली, औषधे बदलली, 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएतनामच्या अनुभवानंतर आघातोत्तर तणावविकृतीला आपल्या रोगसूचीत स्थान दिले. परंतु जवळ, लगेच आणि विश्वासाने, ही त्रिसूत्री आजही कायम आहे. ती लक्षात ठेवा. गावाच्या संदर्भात मला तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. लष्करी मनोविकारतज्ज्ञ आणि नागरी मनोविकारतज्ज्ञ यांच्यात मोठा फरक हा की आमच्यासमोर येणारा रुग्ण प्रथम सलाम करतो. तो माझा रुग्ण असतो आणि हुद्द्याने माझ्या हाताखालचाही असतो. मी त्याचा वैद्य असतो आणि सरकारचा अधिकारीही असतो. त्याने विश्वासाने सांगितलेले मी जपले पाहिजे. आणि त्याच्या हाती उद्या रायफल द्यावी की नाही याचा अभिप्रायही मलाच लिहून दिला पाहिजे, कारण त्या रायफलीच्या आसऱ्याने आणखी दहा जण झोपणार असतात. या दोन कर्तव्यांची ओढाताण ज्याला कधी जाणवली नाही, त्याने हे काम मनापासून केले असे मी मानणार नाही.

सेनेत वैद्यकीय पात्रतेसाठी ‘शेप’ नावाची पाच अक्षरांची श्रेणी आहे. श्रवण, हातपाय, शरीरप्रकृती, दृष्टी या सर्वांच्या आधी तिच्यातील पहिले अक्षर आहे ते मानसिक स्वास्थ्याचे. कागदावर अशी प्रतिष्ठा मिळालेल्या या पहिल्या अक्षराचीच जवानाला सर्वांत अधिक धास्ती असते. गुडघा दुखावला म्हणून श्रेणी उतरली तर तो मोकळेपणाने सांगतो. मनामुळे उतरली तर पलटणीत आणि घरी दोन्हीकडे लपवतो. ‘लो मेडिकल’ झालो, बढती अडकेल, हत्यार काढून घेतील, पोरे हसतील, ही त्याची चिंता मूळ विकाराइतकीच त्याला पोखरते. शिवाय त्याच्या मुख्य अधिकाऱ्याने त्याच्या वर्तनाविषयी एक गोपनीय अहवाल भरून आमच्याकडे पाठवावयाचा असतो. त्या अहवालात सहानुभूतीने लिहिलेल्या दोन ओळींनी आमचे निम्मे काम सोपे होते, आणि ‘कामचुकार’ एवढाच शेरा मारलेला असला म्हणजे त्या शेऱ्याशी आम्हाला आठवडाभर झगडावे लागते.

मी उदास आहे, असे म्हणत येणारा जवान मी क्वचितच पाहिला. तो म्हणतो, साहेब, छातीत धडधडतं. साहेब, डोकं जड राहतं. साहेब, जेवण जात नाही. साहेब, अंगात कस उरला नाही. हृदयाचा आलेख काढला जातो, रक्त तपासले जाते, सर्व काही ठीक येते, आणि मग वॉर्डातून वॉर्डात फिरत तो आमच्याकडे येतो. त्याला काही झालेले नाही, असे त्या वेळी त्याला सांगणे म्हणजे त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करण्यासारखे आहे. त्याला झालेले असते. छाती खरोखरच धडधडत असते. मनाचे दुखणे सांगावयास ज्या समाजाने पुरुषाला शब्दच दिले नाहीत, त्या समाजातील पुरुष ते शरीराच्या भाषेत सांगतो.

सियाचीनचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे शक्य नाही. एप्रिल 1984 पासून आपली सेना त्या हिमनदीवर उभी आहे. तिथल्या वरच्या ठाण्यांवर माणसाला सुमारे तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवीत नाहीत, यावरूनच काय ते समजावे. विरळ हवेत झोप तुटक लागते, भूक मरते, साधी गोष्ट आठवेनाशी होते, माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटच्या पलटणीतील दहा जण गाडले गेले. लान्सनायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि पुढे दिल्लीत निवर्तले, हे आपल्या सर्वांना आठवते. त्या दहांमध्ये आपल्या शेजारच्या माण तालुक्याचे सुनील सूर्यवंशी होते. आणि ते नर्सिंग असिस्टंट होते. याला माझ्या लेखी विशेष अर्थ आहे. दूरच्या ठाण्यावर डॉक्टर नसतो. असतो तो नर्सिंग असिस्टंट. कोण रात्री उठून बसतो, कोणी दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही, कोण घरचा फोन झाल्यापासून गप्प आहे, हे त्याला सर्वांच्या आधी कळते. आमच्या शास्त्रातील पदव्या मोठ्या असतील, परंतु शिपायाच्या मनाचा पहिला वैद्य तोच.

काश्मीर आणि ईशान्येकडील अंतर्गत सुरक्षेच्या कामात ताण निराळ्या जातीचा असतो. तेथे शत्रूचा गणवेश नसतो. गर्दीतला कोणता माणूस हत्यार काढील हे सांगता येत नाही, आणि निरपराध्यावर गोळी जाऊ नये म्हणून बोट रोखून धरावे लागते. सतत सावध आणि सतत संयमी, या दोन अवस्थांत महिनोन्‌महिने राहणे मनुष्यस्वभावाच्या शक्तीबाहेरचे आहे. तरी आपली मुले ते करतात. सुट्टीवर घरी आल्यावर तोच मुलगा लग्नाच्या वरातीतील फटाक्याने दचकून भिंतीला टेकला, तर त्याला हसू नका. त्याचे शरीर अद्याप ड्यूटीवर आहे.

आणि तरीही, सज्जनहो, आता मी जे सांगणार आहे ते ऐकून काहींना नवल वाटेल. माझ्याकडे आलेल्या जवानांपैकी मोठ्या भागाचे मन शत्रूने मोडलेले नव्हते. घरच्या पत्राने मोडलेले होते. अलीकडच्या काळात फोनने. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे 2022 पर्यंतच्या पाच वर्षांत आपल्या तिन्ही सशस्त्र दलांतील 819 जणांनी आत्महत्या केली. त्यांत 642 सेनेचे होते. अशा घटनांची कारणे सरकारी उत्तरांत दिली जातात तेव्हा घरगुती कलह, वैवाहिक बेबनाव, पैशाची तंगी आणि कामाचा ताण ही वारंवार येतात. आपल्या शेजारच्या शत्रूराष्ट्रांवर आपण इतके बोलतो. या घरगुती कलहावर कोण बोलणार?

एक उदाहरण सांगतो; ते एकाचे नाही, पुष्कळांचे मिळून केलेले आहे, म्हणून कोणी त्यात ओळखीचा चेहरा शोधू नये. दोघे भाऊ. थोरला शेती पाहतो, धाकटा फौजेत. पगार घरी येतो, त्यातून विहीर होते, घर होते, बहिणीचे लग्न होते. वडील वारतात. सातबाऱ्यावर वारस लावताना, किंवा नंतर एखाद्या वाटणीपत्राच्या आधारे, फेरफार असा पडतो की धाकट्याच्या वाट्याला माळ येतो आणि पाण्याखालचा तुकडा थोरल्याकडे जातो. नोटीस गावच्या पत्त्यावर बजावली जाते, घेणारा थोरलाच. हरकतीची मुदत निघून जाते. धाकट्याला हे कळते ते सरहद्दीवरच्या खंदकात, पहाऱ्यावरून उतरल्यावर, बायकोच्या रडण्यातून. पूर्वी पत्र पोहोचेपर्यंत भांडण निवळलेले तरी असे. आता भांडण चालू असतानाच ते त्याच्या कानावर जाते, आणि तो काही करू शकत नाही. दाव्याची तारीख पडते, त्या तारखेस सुट्टी मिळत नाही. वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा त्याला असते. ती तारखांच्या सोयीने कशी पडावी? तारीख पडते, तारीख पुढे जाते, सुट्टी संपते. एखादा मग सुट्टी उलटूनही परत जात नाही. ‘ओएसएल’ होतो, शिक्षा भोगतो. एखादा परत जातो आणि जेवणे सोडतो. झोपेची गोळी मी त्याला देऊ शकतो. सातबारा दुरुस्त करण्याची गोळी माझ्याजवळ नाही. ती तुमच्या चावडीत आणि कचेरीत आहे.

आणि कायदा नाही असेही नाही. 1925 सालापासून या देशात भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीचा स्वतंत्र कायदा आहे. विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत सेवेवर असलेला सैनिक हजर राहू शकत नसेल तर दावा तहकूब ठेवावा, आणि त्याच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला असल्यास न्यायाच्या दृष्टीने तो रद्द करता यावा, अशी तरतूद त्यात आहे. शंभर वर्षे हा कायदा पुस्तकात आहे. या सभागृहात वकील मंडळी आहेत. माझी त्यांना विनंती आहे की जवानाच्या घरची बाई कागद घेऊन आली तर प्रथम या कायद्याचे पान उघडावे. जवानाचा मुख्य अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना त्याच्या तक्रारीविषयी पत्र लिहितो. ते पत्र दप्तरात पडून न राहता तलाठ्यापर्यंत पोहोचावे आणि त्याचे उत्तर पलटणीत जावे, एवढे झाले तर पुष्कळ रुग्ण आमच्यापर्यंत येणारच नाहीत. तुमच्या तक्रारीची दखल गावाने घेतली आहे, असा निरोप आलेल्या जवानाला त्या रात्री गोळीवाचून झोप लागलेली मी पाहिलेली आहे. 2007 साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा तिने गावोगाव तंटे मिटवण्याची एक वाट दाखवली. गावातील सैनिकांच्या घरचे तंटे सर्वांत आधी घ्यावेत, त्यांच्या सुट्टीच्या दिवसांत बैठक लावावी, एवढा ठराव एखाद्या ग्रामसभेने केला तर त्याला खर्च किती येईल? एका पैशाचाही नाही.

आता परत आलेल्या माणसाविषयी. बहुतेक जवान चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे पेन्शनीत येतो. ज्या वयात इतरांचा जम बसतो त्या वयात याचे सर्व आयुष्य एकाएकी उलगडते. पहाटेचा बिगुल नाही, रोल कॉल नाही, शेजारच्या खाटेवरचा सोबती नाही. घर त्याच्यावाचून चालावयास शिकलेले असते. बायकोने दुष्काळाची वर्षे, टँकरच्या पाण्याची रांग, सासूसासऱ्यांची आजारपणे, मुलांच्या शाळा सर्व एकटीने निभावलेले असते, आणि हा येऊन हुकूम सोडू लागतो. दोघांचीही चूक नसते. मग संध्याकाळ लांबते आणि बाटली उघडते. कॅन्टीनमध्ये स्वस्त मिळते म्हणून फौजी पितो, हे लोकांनी काढलेले निदान अपुरे आहे. झोप यावी म्हणून तो पितो, आणि दारूने झोप अधिकच बिघडते. अशा माणसाला व्यसनी म्हणून वाळीत टाकणे सोपे आहे. त्याची झोप कशाने गेली हे विचारणे अवघड आहे, आणि तेच करावयास हवे. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था अनेक वर्षे व्यसनमुक्तीचे काम करीत आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

मुदतीपूर्वीच वैद्यकीय मंडळाने घरी पाठवलेल्या, ‘बोर्ड औट’ झालेल्या जवानाचे दुःख आणखी खोल असते. पायाला सुरुंग लागलेल्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय मिळतो. 1944 पासून ते केंद्र हे पवित्र काम करीत आहे, आणि असा जवान गावात आला म्हणजे लोक उभे राहतात. मनाचा आजार घेऊन आलेल्यासाठी कोण उभे राहते? उलट, आधीपासूनच वेडा असेल, असे म्हटले जाते. याविषयी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात 2013 साली दिलेला निर्णय प्रत्येक माजी सैनिक संघटनेने जवळ ठेवण्यासारखा आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो पुढे सेवेत उद्भवला असे गृहीत धरावयाचे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर, हे तत्त्व न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. तो खटला फेफऱ्याच्या विकाराचा होता. परंतु त्याच तत्त्वावर मनोविकाराने घरी आलेल्यांनाही विकलांग पेन्शनसाठी दाद मागता येते. पेन्शनीच्या रकमेहून तिच्यासोबत येणारा कागद मला अधिक मोलाचा वाटतो, कारण देशसेवेत हे घडले असे तो कागद गावाला सांगतो.

वीरपत्नींविषयी थोडे बोलतो, आणि अत्यंत आदराने बोलतो. आपल्याच जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पुरे करून 2017 साली सेनेत अधिकारपद मिळवले. असे धैर्य वंदनीय आहे. परंतु प्रत्येक वीरपत्नीने तसेच व्हावे, तिने कधी रडू नये, तिच्या मनाने कधी हार खाऊ नये, अशी अपेक्षा समाजाने का ठेवावी? सत्काराच्या शालीखाली तिला अनेकदा मोकळा श्वासही घेता येत नाही. वर्षश्राद्धाला आपण मोठ्या संख्येने जातो; त्यानंतरच्या पावसाळ्यात तिच्या शेताची पेरणी कोणी केली, हे पाहावयास कोण जाते? आणि सेवेत असलेल्या जवानाची पत्नी, जिच्या वाट्याला ना शाल येते ना श्रीफळ, ती तर आमच्या दृष्टीआडच राहते. फोन लागला नाही की तिच्या पोटात जो गोळा उठतो, तो वर्षानुवर्षे रोज उठत राहिला म्हणजे तिलाही उपचारांची गरज लागते.

आता त्या त्रिसूत्रीकडे येतो: जवळ, लगेच आणि विश्वासाने. आघाडीवर जे खरे ठरले ते गावातही खरे आहे. सुट्टीवर आलेला मुलगा बोलेनासा झाला, रात्री अंगणात फेऱ्या मारू लागला, किरकोळ कारणाने हात उगारू लागला, माझ्यावाचून तुमचे बरे चालेल असे म्हणू लागला, तर करणी झाली म्हणून गंडेदोऱ्यांत महिना घालवू नका. आणि सुट्टी संपली, तिकडे गेल्यावर होईल बरा, असे म्हणून त्याला तसाच गाडीत बसवू नका. जवळच्या डॉक्टरांना दाखवा. माजी सैनिकांसाठी 2003 पासून स्वतंत्र आरोग्य योजना आहे आणि तिची पॉलिक्लिनिके आहेत. 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही शासकीय सेवा दिवसरात्र मिळते, आणि सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला पोलीस धरतील या भीतीने घरचे लोक गोष्ट दडपतात. त्यांना हे सांगा की 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र मानसिक तणावाखाली असलेला समजावयाचे ठरवले आहे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य केले आहे.

2022 पासून चार वर्षांच्या मुदतीची नवी भरती सुरू झाली आहे. तिच्यातील प्रत्येक चौघांपैकी तिघे पंचविशीच्या आसपासच गावी परतणार आहेत, हे लक्षात घेता परत आलेल्या शिपायाचा प्रश्न या तालुक्यात उद्या अधिक मोठा होणार आहे, कमी नाही. तयारी आज करावयास हवी, आणि ती करण्यास सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. या सभागृहातील माजी सुभेदार, माजी हवालदार मंडळींना माझे सांगणे आहे की तुम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि नव्याने परतलेल्या पोराच्या घरी जाऊन बसा. डॉक्टरपुढे जो तोंड उघडत नाही तो जुन्या सुभेदारापुढे उघडतो, हे मी पाहिलेले आहे. तुम्ही त्याला उपदेश करू नका. तुमच्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगा, मग तो आपल्या सांगेल.

मी उद्या दुपारपर्यंत वडुजातच आहे. ज्यांच्या घरी असा कोणी असेल त्यांनी संकोच न धरता यावे, त्याला सोबत आणावे. तो येत नसेल तर मला घरचा पत्ता द्यावा, मी येईन.